घोष, मौन आणि निषेध: नाशिक शहराच्या सार्वजनिक जीवनातील एक प्रकरण

'निषेध' हा शब्द आज मराठीत ज्या अर्थाने सर्रास वापरला जातो, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. धर्मशास्त्रात 'विधि' आणि 'निषेध' ही जोडी येते. अमुक करावे हा विधी, अमुक करू नये हा निषेध. मोल्सवर्थच्या कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या शब्दाचा प्रधान अर्थ 'मनाई' असाच आढळतो. निषेध करण्याचा अधिकार शास्त्राला, धर्मपीठाला किंवा राजसत्तेला होता. ज्याला तो ऐकावा लागे त्याने मुकाट्याने पाळावा, एवढेच त्याच्या वाट्याला येई. विसाव्या शतकात मात्र हा शब्द हातबदल होऊन उलट्या दिशेने धावू लागला. आता निषेध सत्ता करीत नाही. सत्तेचा निषेध केला जातो. मनाई करणाऱ्याचा शब्द मनाई झालेल्याने उचलून घेतला, आणि तोही असा की आजच्या वाचकाला पहिला अर्थ मुद्दाम सांगावा लागतो.

हे एकाच शब्दाचे भाग्य नव्हे. 'घोषणा' म्हणजे राजाज्ञा मोठ्याने जाहीर करणे. आज घोषणा रस्त्यावरचा समुदाय देतो. 'मोर्चा' हा फारसीतून आलेला लष्करी शब्द. मूळ अर्थ तोफा लावण्यासाठी केलेला आडोसा, ठाणे. 'मोर्चे बांधणे' यात तो अर्थ अजून टिकून आहे. पण 'मोर्चा काढणे' या प्रयोगात तटबंदीलाच पाय फुटले आहेत. 'धरणे' हा धनकोचा हक्क होता. ऋणकोच्या दारात उपाशीपोटी, न बोलता ठाण मांडून बसणे हा वसुलीचा एक मान्य मार्ग असे. १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमात दैवी कोपाची भीती घालण्याचा जो अपराध सांगितला आहे, त्याच्या उदाहरणात दुसऱ्याच्या दारी धरणे धरून बसणारा मनुष्यच आला आहे. 'हरताळ' या शब्दाची कथा किंचित निराळी. हट्ट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप यांच्या संयोगातून आलेला हा हरताळ, आणि पोथीतील चुकीच्या अक्षरांवर फासावयाचा पिवळा खनिज हरताळ, या दोहोंचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तरीही सामान्य मराठी बोलणाऱ्याच्या मनात ते एकमेकांत मिसळतात, आणि बाजारावर हरताळ म्हणजे बाजाराच्या गजबजाटावर फासलेला हरताळ, असा एक नवाच अर्थ तयार होतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो चूक असला तरी अनुभवाच्या दृष्टीने चूक म्हणवत नाही.

या शब्दांच्या स्थलांतराचा इतिहास केवळ कोशांतून लिहिता येणार नाही. शब्द रस्त्यावर बदलतात, आणि रस्ता कोणत्या तरी गावाचा असतो. प्रस्तुत निबंधात त्यासाठी नाशिक शहर घेतले आहे. मुंबई किंवा पुणे यांच्या मानाने या शहराचा सार्वजनिक चळवळीतील वाटा लहान समजण्याची प्रथा आहे. पण कोणाचा आवाज शहराला ऐकू यावा आणि कोणाचा येऊ नये, हा प्रश्न येथे जितक्या उघडपणे लढला गेला तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच लढला गेला असेल.

नाशिक हे मुळात ध्वनीचे गाव आहे. गोदावरीच्या दोन तीरांवर वसलेल्या या क्षेत्रात मंत्रघोष, आरत्या, घंटा, श्राद्धाचे संकल्प आणि यात्रेकरूंचा कलकलाट ही नित्याची पार्श्वभूमी. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधविलेल्या रामेश्वराच्या देवळात जी मोठी घंटा टांगलेली आहे ती पोर्तुगीज घडणीची, १७२१ हे साल कोरलेली. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर ती नाशिकास आली. तिचा नाद कोसन् कोस ऐकू जाई असे सांगतात. 'नारोशंकराची घंटा' हा वाक्प्रचार तिच्यामुळे रूढ झाला, आणि तो बहुधा मोठ्या आवाजात अखंड बोलणाऱ्या बाईला उद्देशून वापरला जातो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घंटेचा मोठा आवाज म्हणजे वैभव. बाईचा मोठा आवाज म्हणजे थट्टेचा विषय. कोणता ध्वनी भूषण आणि कोणता दूषण, याचा निवाडा त्याच्या तीव्रतेवरून होत नाही, तो कोणाचा आहे यावरून होतो, हे एवढ्याशा वाक्प्रचारातही दिसून येते.

राजकीय अर्थाने शहराच्या रस्त्यांवर घोष प्रथम उमटला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. १८९३ नंतर गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले, त्याबरोबर मेळे आले, आणि मेळ्यांबरोबर पदे. नाशिकमध्ये 'मित्रमेळा' या नावाने जमलेल्या तरुणांनी गणेशोत्सव व शिवजयंती यांचा उपयोग पदे आणि पोवाडे गाण्यासाठी केला. या मंडळींचे कवी गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, पायांनी अधू होते. त्यांना मिरवणुकीत चालणे शक्य नव्हते, पण मिरवणूक त्यांच्या शब्दांवर चालत असे. १९०६ च्या दसऱ्यास सीमोल्लंघनाहून परतणाऱ्या तरुणांनी 'वंदे मातरम्' चा घोष केला. पोलिसांनी हरकत घेतली, चकमक उडाली आणि त्यातून जो खटला झाला तो 'वंदे मातरम्' खटला म्हणूनच ओळखला जातो. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर हे त्यातील आरोपींपैकी एक. दोन शब्दांचा उच्चार हा शांततेचा भंग आहे की नाही, असा प्रश्न नाशिकच्या न्यायासनापुढे बहुधा प्रथमच आला.

यानंतर तीन वर्षांनी, ८ जून १९०९ रोजी, याच बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आरोपाचा गाभा 'लघु अभिनव भारत माला' या कवितांच्या पुस्तिकेचे प्रकाशन हा होता. पुराणातील देव-दानव आणि इतिहासातील शिवाजी यांच्या नावांआडून विद्यमान राजसत्तेविरुद्ध युद्धाची चिथावणी दिली आहे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयातील मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी त्या कवितांतून काढला. येथे ध्वनी हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्रातील अर्थानेही लागू पडतो. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले, म्हणजे वाच्यार्थाच्या पलीकडे सूचित होणारा अर्थ, तोच न्यायालयाने गुन्हा ठरविला. त्या निकालाच्या राजकीय न्यायान्यायाचा विचार बाजूस ठेवला तरी, राज्यकर्त्यांच्या न्यायालयाने मराठी काव्यातील व्यंग्यार्थ इतक्या गांभीर्याने वाचावा, हा त्या काव्याचा अनपेक्षित सन्मानच म्हणावयास हवा. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाप्रसंगी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. तो प्रसंग सर्वपरिचित आहे. संस्कृतचा व्यासंग असलेला अधिकारी मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहात मारला गेला, या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पिस्तुलाचा आवाज हा नागर निषेधाच्या इतिहासात मोडत नाही, त्याचे प्रकरण वेगळे आहे. या निबंधाला प्रस्तुत आहे ते एवढेच की त्यानंतर नाशिकचे रस्ते दीर्घकाळ धास्तीने गप्प झाले.

पण हे सर्व घोष कोणाचे होते? ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत, नाट्यगृहाच्या आसनापर्यंत आणि शाळेच्या बाकापर्यंत प्रवेश होता अशांचे. त्यांना परक्या सत्तेने गप्प केले होते. स्वतःच्या समाजात ते मुके नव्हते. याच शहरात आणि जिल्ह्यात असे लोक होते की ज्यांच्या आवाजाला गावगाड्याने फार पूर्वी ठरावीक जागा नेमून दिली होती. ही व्यवस्था 'त्यांना बोलू दिले जात नव्हते' एवढ्या सोप्या वाक्यात सांगता येत नाही. उलट पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडून आवाज सक्तीने काढून घेतला जाई. गावात दवंडी पिटायची ती महाराने. हुकूम पाटलाचा किंवा सरकारचा, घसा महाराचा. लग्नकार्यात, मिरवणुकीत वाद्य वाजवावयाचे ते मांगाने. उत्सव दुसऱ्याचा, वाद्य त्याचे, आणि उत्सवाच्या मांडवात त्याला जागा नाही. अभिवादन करावयाचे ते 'जोहार' म्हणून, अंतर राखून. तेव्हा अस्पृश्यतेच्या ध्वनिव्यवस्थेत निव्वळ मौन नव्हते. स्वतःच्या नावाने आवाज काढण्याची मनाई आणि परक्याच्या नावाने आवाज काढण्याची सक्ती, असे तिचे दुहेरी स्वरूप होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकास 'मूकनायक' हे नाव दिले, त्यातील 'मूक' या शब्दाचा रोख या दुहेरीपणाकडे आहे. ज्याचा घसा शाबूत आहे आणि तरीही जो मुका आहे, त्याचा नायक.

या पार्श्वभूमीवर २ मार्च १९३० चा दिवस पाहिला पाहिजे. पंचवटीतील काळाराम मंदिर हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या दगडात बांधविलेले, चार दिशांना दरवाजे असलेले देवस्थान. तेथे अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह समिती स्थापन केली. भाऊराव कृष्णराव गायकवाड, जे पुढे दादासाहेब गायकवाड म्हणून ख्यात झाले, हे तिचे चिटणीस. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस सुमारे पंधरा हजार लोक जमले होते. दुपारी तीनच्या पुढे चार-चारांच्या रांगा करून मिरवणूक निघाली. तिची लांबी मैलभर होती, आणि नाशिकच्या इतिहासात तोपर्यंत एवढी मोठी मिरवणूक निघाली नव्हती असे चरित्रकार नमूद करतात. अग्रभागी लष्करी चाली वाजविण्यात तरबेज असलेला बँड, त्यामागे बालवीरांचे पथक, त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया, आणि त्यामागे शिस्तीने, गलका न करता चालणारा प्रचंड समुदाय.

या रचनेकडे आजवरच्या लेखनात वर्णनाचा एक तपशील म्हणून पाहिले गेले आहे. वस्तुतः ती एक विचारपूर्वक मांडलेली वाक्यरचना आहे. मिरवणूक हा शब्द 'मिरवणे' या धातूपासून आला; मिरवावयाचे ते देव, नवरदेव, राजा किंवा विजयी वीर. नाशिकच्या रस्त्यांवर अस्पृश्य मनुष्य मिरवणुकीत असे तो वाजंत्री म्हणून किंवा मशालवाला म्हणून. २ मार्चला वाद्य तेच अग्रभागी राहिले, पण ते मागून येणाऱ्या वाजविणाऱ्यांच्याच लोकांसाठी वाजत होते. शिवाय ते लग्नातील वाजंत्री नव्हते, लष्करी संगीत होते. महारांची फौजेतील भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. सुभेदाराच्या मुलाच्या नेतृत्वाखाली निघालेल्या या मिरवणुकीत कवायतीचा ठेका ऐकताना ऐकणाऱ्याला हे आठवले नसेल असे मानणे कठीण आहे. आणि बँडच्या मागे शांतता. बेशिस्त, गलबल्या, हुल्लडखोर समुदाय अशी जी प्रतिमा विरोधकांनी आणि काही अंशी वृत्तपत्रांनी अगोदरच रंगवून ठेवली होती, तिला या शांततेने उत्तर देण्याची सोय ठेवली नाही.

या ठिकाणी एक तुलना अप्रस्तुत होणार नाही. २८ जुलै १९१७ रोजी न्यू यॉर्क शहराच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार निग्रो नागरिकांनी, त्या काळी ते स्वतःला ज्या नावाने संबोधीत ते नाव वापरावयाचे तर, ईस्ट सेंट लुइस येथील हत्याकांडाच्या निषेधार्थ मूक संचलन केले होते. पुढे मुले, मागे पांढऱ्या वस्त्रांतील स्त्रिया, त्यामागे पुरुष. आणि आवाज काय तो कापड गुंडाळून दबविलेल्या पडघमांचा. दोन्ही ठिकाणी वाद्य आणि मौन यांची सांगड आहे, स्त्रिया अग्रभागी आहेत, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याविषयी गोंगाटाची प्रतिमा रूढ असलेल्या समाजाने मौन निवडले आहे. अमेरिकेतील प्रसंगाचे अनुकरण नाशिकला झाले असे सुचविण्याचे कारण नाही. सारख्या अपमानातून सारखी शैली स्वतंत्रपणे निपजू शकते, इतकेच.

मिरवणूक मंदिराच्या पूर्व दरवाजाशी आली तेव्हा सर्व दरवाजे बंद होते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दारात उभे. समुदाय तेथून गोदावरीच्या घाटावर गेला, तेथे सभा झाली, आणि रात्री पुढाऱ्यांनी अहिंसक सत्याग्रहाचा निर्णय घेतला. ३ मार्चला सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. दांडीयात्रेस निघण्यास त्या वेळी अद्याप नऊ दिवस अवकाश होता, ही तारखांची गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये. १९३० सालचा सत्याग्रह म्हटला की मिठाचीच आठवण व्हावी, अशी आपल्या पाठ्यपुस्तकांनी सवय लावली आहे.

दरवाजांपुढील बसणे हे धरणे होते, आणि मूळ अर्थाने होते. धनकोने ऋणकोच्या दारी बसावे तसे हे लोक देवाच्या दारी बसले. समाज त्यांचे देणे लागत होता. सत्याग्रही भजने म्हणत. हा प्रकार दिसतो तितका साधा नव्हे. दरवाजाच्या एका बाजूस रामनाम आणि दुसऱ्या बाजूसही रामनाम; मध्ये फक्त लाकूड. आतल्या नामघोषाला पूजा म्हणावयाचे आणि बाहेरच्या नामघोषाला आगळीक म्हणावयाचे, तर भेद नामात नाही, देवातही नाही, उच्चारणाऱ्या मुखात आहे, हे दरवाजाकडे पाहणाऱ्या कोणालाही कळत होते. 'निषेध' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होते: आत धर्मशास्त्राचा निषेध, बाहेर त्या निषेधाचा निषेध.

शहराची प्रतिक्रिया कशी होती? समेटासाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची सभा भरली असता सनातनी मंडळींनी आरडाओरडा करून, दगड आणि जोडे फेकून ती उधळली. शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनी शंकराचार्यांनाच बोलू दिले नाही, यात विनोद आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोंगाट आणि शांतता यांची त्या महिन्यातील विभागणी. ज्यांना असंस्कृत म्हटले जाई ते ओळीने बसून भजन करीत होते आणि सुसंस्कृत म्हणविणारे सभा उधळीत होते.

चैत्र शुद्ध एकादशीस, ९ एप्रिल रोजी, रामाचा रथ निघावयाचा होता. दोन्ही पक्षांच्या माणसांनी रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोराला लागण्यापूर्वीच विरोधकांनी रथ पळविला. अरुंद गल्लीतून तो नेला गेला, मागून सत्याग्रही धावले, दगडांचा वर्षाव झाला, अनेक जण जखमी झाले. डॉ. आंबेडकर स्वतः त्या दगडफेकीत सापडले होते. रथयात्रा हा नाशिकच्या वर्षातील सर्वांत मोठ्या जयघोषाचा दिवस. त्या वर्षी देवाला त्याच्या भक्तांपासून पळवून न्यावे लागले. यानंतर मंदिराचे दरवाजे दीर्घकाळ बंद राहिले, सर्वसामान्य दर्शन थांबले. अस्पृश्याच्या आवाजाला आत येऊ न देण्यासाठी मंदिराने स्वतःचा आवाज बंद करून घेतला, असा या प्रकरणाचा विलक्षण शेवट झाला. अर्थात तो अंतिम शेवट नव्हता. सत्याग्रह कमी-अधिक वेगाने पुढील काही वर्षे चालू राहिला.

३ मार्च १९३४ रोजी, म्हणजे पहिली तुकडी बसल्याला बरोबर चार वर्षे होत असताना, डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात आपली भूमिका स्पष्ट केली. मूर्तिपूजेची ओढ किंवा मंदिरात गेल्याने समता येईल ही आशा, यांपैकी कशासाठीही आपण ही चळवळ केली नव्हती. दलित वर्गाला चेतना देण्याचा आणि आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो मार्ग होता, असा त्या पत्राचा आशय आहे. या विधानावर मागाहून सुचलेले समर्थन असा आक्षेप घेतला जातो. २ मार्चच्या मिरवणुकीची रचना पाहता तो टिकत नाही. ज्याला केवळ दर्शन हवे असते तो मैलभर रांग लावून लष्करी बँड पुढे घालत नाही. मिरवणूक देवाला दाखविण्यासाठी नव्हती, शहराला ऐकविण्यासाठी होती. आणि त्याहूनही अधिक, चालणाऱ्यांनी स्वतःला ऐकावे यासाठी होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली आणि मंदिरप्रवेशाचा मार्ग सोडून देण्यात आला. तेव्हापासून काळारामाच्या दाराशी मागण्यासारखे काही उरले नाही.

सत्याग्रह थांबला तरी त्याने मोकळा केलेला कंठ थांबला नाही. नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी तमाशाच्या ओळखीच्या साच्यात नवा आशय भरून आंबेडकरी जलसे उभे केले. गणाच्या जागी वंदन बदलले, बतावणीत सावकार आणि भट यांच्याबरोबर शाळा, पाणवठा आणि मतपेटी आली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी हीच परंपरा गीतांच्या रूपाने २००४ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविली. 'जोहार' मागे पडून 'जय भीम' रूढ झाले. अभिवादनाचा शब्द बदलणे ही भाषेच्या इतिहासात क्वचित घडणारी घटना आहे. आप्तवाचक शब्द आणि अंक यांच्याप्रमाणेच अभिवादने चिवट असतात. एका पिढीत, कोणाच्याही हुकुमावाचून, एवढ्या मोठ्या समाजाने आपले अभिवादन बदलल्याचे दुसरे उदाहरण मराठीत दाखविता येत नाही. 'जोहार' मध्ये बोलणारा वाकतो. 'जय भीम' मध्ये दोन्ही बाजू एकच शब्द उच्चारतात, वाकणारा आणि वाकविणारा असे दोन भाग राहत नाहीत.

आता कायद्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण नागर ध्वनीचा खरा कोश पोलिसांच्या कायद्यात सापडतो. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, ३७ व्या कलमात मनाई करता येण्याजोग्या गोष्टींची जी यादी आहे तीत शस्त्रे, दगड आणि प्रतिमा यांच्या पंगतीस सार्वजनिक आरोळ्या, गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजविणे ही येतात. त्यापुढे आवेशाची भाषणे, हावभाव आणि सोंगे. दगड आणि गाणे एकाच कलमात बसविणाऱ्याला गाण्याची शक्ती चांगली ठाऊक असली पाहिजे. हावभावांचा उल्लेख तर विशेष अर्थपूर्ण आहे. मौन पाळूनही या यादीबाहेर पडता येईलच असे नाही. याला मराठी भाषेने आणखी एक हातभार लावला आहे. 'शांतता' या एकाच शब्दात कलहाचा अभाव आणि आवाजाचा अभाव असे दोन अर्थ आपण कोंबले आहेत. 'शांतता राखा' ही पाटी ग्रंथालयातही असते आणि दंगलीनंतरच्या आवाहनातही असते. परिणामी घोषणा देणे म्हणजेच शांततेचा भंग, हे अनुमान मराठी मनाला तर्कावाचूनच पटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचे किमान १०० मीटरचे 'शांतता क्षेत्र' ठरवून दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा घातली. नियम आवश्यक आहेत आणि उत्सवांतील ध्वनिक्षेपकांनी त्यांची जी दुर्दशा केली ती सर्वांना विदित आहे. तथापि डेसिबल हे माप आवाज किती मोठा एवढेच सांगते, आणि घोषणा देणारा समूह बहुधा ज्या कचेरीसमोर येतो ती न्यायालयाच्या शेजारीच असते.

एकविसाव्या शतकात मौनाने मराठी राजकारणात पुन्हा प्रवेश केला तो 'मूक मोर्चा' या नावाने. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून सुरू झालेले मराठा क्रांती मूक मोर्चे त्याच वर्षी २४ सप्टेंबरला नाशिकला पोहोचले. कोपर्डीच्या अत्याचाराचा निषेध, आरक्षणाची मागणी, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदलाची मागणी. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत, निवेदन मुलींच्या हातून, शेवट राष्ट्रगीताने. एवढा मोठा समुदाय इतक्या शिस्तीने चालला, याचे कौतुक सर्व थरांतून झाले, आणि ते योग्यच होते. परंतु शब्दाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. संस्कृतात आणि मराठीत 'मूक' आणि 'मौन' हे शब्द समानार्थी नाहीत. मौन हे मुनीचे. ज्याला बोलता येते त्याने स्वेच्छेने घेतलेले व्रत. मूक तो, ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याला बोलू दिले गेले नाही. २०१६ चे मोर्चे पहिल्या अर्थाचे होते, म्हणजे मौन मोर्चे होते. ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत ज्या समाजाचा शब्द चालत आला त्याने काही काळ शब्द मागे घेतला, आणि त्यामुळेच त्या न बोलण्याचा दरारा निर्माण झाला. याचा अर्थ त्यांचे दुःख खोटे होते असा नव्हे. शेतीची दैना आणि बेकारी यांनी पोखरलेल्या खेड्यांतून ते लोक आले होते, आणि ज्यांचा शब्द चालतो ते पुढारी आणि रस्त्याने चालणारे ते लोक यांत मोठे अंतर होते. कदाचित त्या अंतरामुळेच त्यांना 'मूक' हा शब्द जवळचा वाटला असेल. तरीही एका समाजाच्या मुकेपणाचे नाव दुसऱ्याने उचलावे, आणि त्याच मोर्चात पहिल्याच्या संरक्षणासाठी असलेला कायदा बदलण्याची मागणी असावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. पुढच्याच महिन्यात नाशिक परिसरात हिंसाचार उसळला तेव्हा प्रशासनाने मोबाइल इंटरनेट बंद केले. शहराला गप्प करण्याची ही रीत १८६० च्या किंवा १९५१ च्या कायदेकर्त्यांच्या स्वप्नातही नव्हती.

यानंतर दीड वर्षाने, ६ मार्च २०१८ रोजी, नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाच्या चौकातून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी शेतकरी त्यात बहुसंख्य होते; वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी. लाल टोप्या, लाल झेंडे, आणि वाटेने वाद्ये, नाच, गाणी. सुमारे १८० किलोमीटरची वाट त्यांनी कसारा घाट उतरून पायी कापली. हा मोर्चा मूक नव्हता, मूक म्हणवीतही नव्हता. ११ मार्चला सायंकाळी तो मुंबईत शीव येथील सोमय्या मैदानावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी एवढा समुदाय रस्त्यावर आला असता तर विद्यार्थ्यांची अडचण झाली असती. तेव्हा दिवसभर चालून आलेली, अनेकांच्या पायांची सालटी निघालेली माणसे विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि झोपलेल्या शहरातून चालत पहाटे आझाद मैदानावर गेली. त्यांच्यापैकी किती जणांची मुले दहावीपर्यंत पोहोचली असतील, हा प्रश्न मुंबईच्या वृत्तपत्रांनी त्या सकाळी विचारला नाही. त्यांनी त्यांच्या समंजसपणाची स्तुती केली. १२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले, आणि मोर्चेकरी परतीच्या खास गाड्यांनी गावी गेले. आश्वासनांची पूर्तता झाली नाही म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा नाशिकहून निघाले, आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून आणखी एकदा.